अत्तर लावलेला अँप्लिफायर

गाडीतला बिघडलेला साऊंड दुरुस्तीसाठी विकत घ्यायचा, तर इंद्रभान आधी तो हुंगतो, हे अख्ख्या संग्रामपूरला ठाऊक होतं. मीटर मागाहून, नाक आधी. आत काही जळलं असलं की त्याला वासावरूनच कळायचं. म्हणूनच जीप चालवणाऱ्या कुलदीपने बंद अँप्लिफायर दुकानात आणताना जास्तीचं शहाणपण केलं होतं.

"फक्त फ्यूज गेला काका, बाकी टकाटक हाये."

माल भारी होता. इंद्रभानला तो हवाही होता. त्याने जाळीला नाक लावलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"काऊन बे, याले अत्तर लावलं? वरातीत मिरवाचं हाये काय याले? मले येडा समजतं?"

त्याने झाकण उघडलं. फ्यूजच्या जागी तार पिळून बसवली होती आणि खालची प्लेट कोळशासारखी काळी पडली होती.

"हे कोणाच्या गाडीत बसवलं अन् गाडी पेटली, मंग?"

"तुमाले नसन घ्याचं तर राहू द्या. जळगाव जामोदले कोणीबी घेईन."

इंद्रभानचा उरलासुरला तोलही सुटला. त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि झाकणावर करकरा कोरलं: आतून जळालेला.

"काका! आता हा कोण घेईन?" कुलदीप किंचाळला.

"मीच घेतो," इंद्रभान गुरगुरला. "भंगाराच्या भावानं."