चोरांनी लावलेली साखळी

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. गळ्यातली नव्हे आणि कुत्र्याच्या पट्ट्याचीही नव्हे. मी दाराच्या आतल्या बाजूची साखळी. मला लावून दार उघडले की चार बोटांची फट पडते. त्या फटीतून बाहेरचे माणूस आत येत नाही; येते फक्त त्याचे नाक, एक डोळा आणि त्याचे बोलणे. चोवीस वर्षे मी ही नाके आणि ही बोलणी पाहत आले आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, माणसांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. चौदा कड्या लोखंडाच्या, वरून पितळेचा मुलामा. आत एक आणि वर एक असे असते म्हणजे काय, हे मला कुणी शिकवावे लागले नाही. ज्याने मला या दाराला बसवले त्याला सुतार म्हणणे हा सुतारांचा अपमान होईल. चौकटीला दीड इंची स्क्रू हवे होते. त्याच्या पिशवीत अर्ध्या इंचाचे निघाले. "खपून जातंय," असे पुटपुटत त्याने तेच पिळले, चहा प्यायला आणि गेला. असल्या 'खपून जातंय' वर माणसांची घरे उभी असतात.

घर दुसऱ्या मजल्यावरचे, दोन खोल्यांचे. त्यात एक बाई आणि तिची मुलगी राहत. बाईचा नवरा मुलगी लहान असतानाच गेला होता. बाई छापखान्यांसाठी मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासायची. खिडकीपाशी टेबल, हातात लाल पेन, नाकावर घसरलेला चष्मा. ऱ्हस्वाचा दीर्घ झाला तर तिला घास गोड लागत नसे. मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दोघी एकमेकींच्या खोड्या काढत, भांडत, हसत. संध्याकाळी मुलगी घरात आली की बाई मला खाचेत सरकवायची. खट्ट असा आवाज व्हायचा, आणि तो मला आवडायचा.

मग एके दिवशी मुलगी घरी आलीच नाही. रस्ता ओलांडताना गाडीने उडवले. वर्तमानपत्रात तिच्यावर सहा ओळी आल्या. बाईने त्याही तपासल्या. वय चुकले होते. तिने लाल पेनाने ते दुरुस्त केले आणि कात्रण टेबलाच्या काचेखाली ठेवले.

मग सांत्वनाला लोक आले. अरे देवा! सगळ्यांच्या तोंडी तेच, जणू एकाच साच्यातून काढलेले. "वेळ हेच औषध." "चांगली माणसं लवकर जातात." म्हणजे मागे राहिलेले सगळे वाईट, असेच ना? बाईचा धाकटा भाऊ खुर्चीत बसून फोनवर कुणाशी तरी फरशीच्या रंगाबद्दल बोलत होता. जाताना म्हणाला, "ताई, काही लागलं तर हक्कानं सांग." आणि ती काही सांगण्याआधीच जिना उतरला. महिन्याभरात दार वाजायचे थांबले.

वाजवत राहिला तो एकटा कंडक्टर. वरच्या मजल्यावरचा, बसवरून निवृत्त झालेला, भसाड्या आवाजाचा म्हातारा. बाईला तो पहिल्यापासून आवडत नसे, मलाही नाही. रंगवलेले केस, बाहेर आलेला बनियन, आणि सगळ्या जिन्याच्या चांभारचौकश्या. तो दर आठ-पंधरा दिवसांनी यायचा.

"काय काम आहे?" बाई फटीतून विचारायची.

"काम असं नाही. तुमच्या मुलीबद्दल जरा..."

"नंतर या," असे म्हणून बाई दार लावायची. मीही मनातल्या मनात म्हणायचे, बरे झाले, ब्याद टळली.

अकराव्या महिन्यात एक अनोळखी माणूस आला. त्याचे खरे नाव शेवटपर्यंत कुणालाच कळले नाही. मी त्याला 'मऊ' म्हणते, कारण त्याचे सगळेच मऊ होते: आवाज, हात, बुटांचे तळवे. फटीसमोर उभा राहून त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "ताई, तुम्ही मला ओळखत नाही. त्या दिवशी रस्त्यावर तिचं डोकं मी मांडीवर घेतलं होतं. इतके दिवस यायचं धाडस झालं नाही."

बाईने दार लावले नाही.

"ती शेवटचं बोलली होती माझ्याशी," मऊ म्हणाला. "म्हणाली, आईला सांगा, मी घाबरले नाही."

बाईचा हात माझ्यावर आला. घाईत तिने मला उलट्या बाजूला ओढले, आणि मी खाचेतून निघता निघेना. मित्रांनो, मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. मुलाम्याला मुलामा कळतो. पण माझी जात मुकी.

तो चार वेळा आला. दर खेपेला तो मुलीचे एकेक नवे वाक्य आणायचा, भिकाऱ्याच्या वाडग्यात नाणे टाकावे तसे. कधी म्हणे ती आकाशाकडे बघत होती, कधी म्हणे तिने आईच्या हातच्या जेवणाची आठवण काढली. रस्त्यात मरायला पडलेली पोर एवढी भाषणे करते का? पण बाई ऐकत राहायची, चष्मा काढून, डोळे मिटून. बदल्यात तिने त्याला सगळे घर दाखवले. मुलीची खोली, मुलीचे कपडे, आणि लग्नासाठी करून ठेवलेले दागिने ज्या कपाटात होते ते कपाटही. दुसऱ्या खेपेपासून तिने मला लावणेच सोडले. मी चौकटीला लोंबकळत धूळ खात राहिले.

एकदा मऊ गेल्यावर कंडक्टर आला. बाईने नेमके त्याच्यासाठी मला लावले.

"बाई, राग मानू नका," तो म्हणाला. "हा तुमचा पाहुणा जिन्यात फोनवर खिदळत असतो. तुमच्या दाराशी आला की थांबतो, तोंडावरून हात फिरवतो आणि रडका चेहरा करतो. तीस वर्षं बसमध्ये फुकटे पकडलेत मी. मला तोंडावरून कळतं."

"तुम्हाला दुसऱ्यांच्या दाराशी कान लावण्याशिवाय उद्योग नाही का?" बाई म्हणाली आणि दार आपटले. माझ्या चौदाही कड्या हादरल्या.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी मऊ आला. बरोबर टोपी घातलेला दुसरा एक माणूस आणि एक रिकामी मोठी पिशवी. बाईने दार उघडले. दोघे आत शिरले, मऊने दार लावले आणि मला उचलून खाचेत सरकवले.

खट्ट.

असली लाज मी आयुष्यात अनुभवली नव्हती. चोवीस वर्षे ज्यांच्यासाठी मला टांगून ठेवले होते, त्यांचीच चाकरी मी त्या दुपारी केली.

टोपीवाल्याने बाईला तिच्याच टेबलासमोरच्या खुर्चीत बसवले आणि चिकटपट्टीने तिचे हात बांधले. मऊ आता ताई म्हणत नव्हता. "कपाटाची किल्ली कुठंय, म्हातारे?" त्याने विचारले.

तो शब्द ऐकून बाईने झटकन वर पाहिले. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, पण तिच्यामागून दुसरेच काहीतरी वर येत होते. ती म्हणाली, "किल्ली कुठं ठेवली ते मी विसरले."

टोपीवाल्याने तिच्या कानाखाली आवाज काढला. चष्मा उडून भिंतीपाशी पडला. "बोट मोडू का एकेक?" तो म्हणाला, आणि तिची करंगळी धरून मागे वाकवली. बाईने ओठ चावला.

तेवढ्यात घंटा वाजली.

"अहो बाई! तुमच्या न्हाणीघरातून पाणी गळतंय वाटतं खाली!" कंडक्टरचा भसाडा आवाज. कुठेही पाणी गळत नव्हते. त्याने रिकामी पिशवी वर जाताना पाहिली होती.

टोपीवाल्याने करंगळी सोडली. घंटा पुन्हा वाजली. मग बाई अगदी हळू आवाजात बोलली, प्रुफाच्या कडेला सूचना लिहावी तशी स्वच्छ: "तो वरचा आहे. दार उघडलं नाही तर जिना गोळा करील. साखळी लावूनच उघडा आणि सांगा, ताई अंघोळीला गेल्यात. त्याला काका म्हणा, मी काकाच म्हणते. उद्या चहाला बोलावलंय म्हणा, म्हणजे खूश होऊन जाईल."

मऊने टोपीवाल्याला बाईच्या तोंडावर हात ठेवायला सांगितले. मग स्वतःच्या तोंडावरून हात फिरवला, रडका चेहरा केला आणि दार उघडले. मी ताणली गेले.

"काका, ताई अंघोळीला गेल्यात," तो म्हणाला. "उद्या चहाला या म्हणाल्यात."



"कोण मी? चहाला?" कंडक्टर म्हणाला. "या बाईनं मला आजवर पाण्याचा घोट विचारला नाही, आणि काका कधीपासून?"

आणि त्या म्हाताऱ्याने दाराला खांदा दिला.

पहिल्या धडकेला मी टिकले. नाइलाज होता; टिकणे हा माझा धंदा. दुसऱ्या धडकेला ते अर्ध्या इंचाचे दळभद्री स्क्रू चौकटीतून कचकन उपटून आले आणि मी भुईवर आपटले. त्या कामचुकार सुताराने आयुष्यात एकच चांगले काम केले असेल, तेही त्याला न कळता. कंडक्टर दारासकट आत कोसळला. त्याचे मनगट मोडले, पण आवाज शाबूत होता. "चोर! चोर! दारं अडवा!" तीस वर्षे भरलेल्या बसमधून शेवटच्या सीटपर्यंत पोचलेला आवाज तो. पाचही मजल्यांची दारे उघडली. टोपीवाला तळमजल्यावर सापडला. मऊ पहिल्याच वळणावर.

पकडल्यावर मऊ जिन्यावर बसून रडू लागला. तेच रडे, तोच हुंदका. लाज विकून खाल्लेली माणसे अश्रूसुद्धा नवे आणत नाहीत.

पोलीस आले. हवालदाराने बाईला विचारले, "अनोळखी माणसाला घरात कसं घेतलंत?" त्याच्या स्वरात ती कुत्सित दया होती, जी फसलेल्याला सगळे फुकट वाटतात.

बाईने चष्मा उचलून घातला. ती मऊसमोर जाऊन उभी राहिली. "तू तिथं होतास का?"

"नाही," तो नाक ओढत म्हणाला. "पेपरात वाचलं."

"माहीत होतं मला," बाई म्हणाली. मग हवालदाराकडे वळली. "माझी मुलगी मला आई म्हणत नसे. बोलायला लागल्यापासून म्हातारे म्हणायची. हा पहिल्या दिवशी 'आईला सांगा' म्हणाला, तेव्हाच चूक दिसली होती. वाक्य चांगलं होतं, म्हणून राहू दिली."

मी जमिनीवर पडून ऐकत होते, आणि मित्रांनो, इतकी वर्षे माणसांना हसणारी मी, तेव्हा मात्र हसले नाही.

मनगटाला प्लास्टर घालून कंडक्टर दोन दिवसांनी खाली आला. बाईने त्याला खुर्ची दिली आणि चहा ठेवला. मग तिने विचारले, "तुम्ही सारखे यायचात. काय सांगायचं होतं?"

"विशेष काही नाही," तो ओशाळून म्हणाला. "ती माझ्याच बसनं जायची, सहा वर्षं. दांड्याला लटकून उभ्या उभ्या झोपायची. स्टॉप चुकला की मलाच शिव्या घालायची, उठवलं का नाही म्हणून. एकदा तर घोरत होती. सगळी बस हसली."

बाई आधी हसली. मग इतकी रडली की चहा उतू गेला, आणि गॅस बंद करायला कुणी उठले नाही.

हे त्या माणसाजवळ वर्षभर होते. तो ते घेऊन माझ्या फटीशी येत होता, आणि मी त्याला केसांच्या रंगावरून तोलून बाहेर ठेवत होते. माझ्या तिरस्कारातला थोडा वाटा मी आता स्वतःसाठी राखून ठेवते.

त्यानेच मला नव्या, लांब स्क्रूंनी परत बसवले; एका हाताने, वाकडे. तर मित्रांनो, दाराच्या साखळ्यांना वर्षातून एकदा तेल द्या आणि त्यांचे स्क्रू तपासा. आणि कुणाच्या घरी माणूस गेले असेल तर तिथे सुंदर वाक्ये घेऊन जाऊ नका. गेलेल्याची एखादी साधी, वेडीवाकडी पण खरी आठवण असेल तर ती द्या. नसेल तर नुसते बसा. नुसते बसायला येणाऱ्याला अडवावे, असे मला अजून तरी कधी वाटलेले नाही.