टांगलेली नान

सलोमतने तंदूरच्या आतल्या भिंतीवर नान थापली ती इतक्या जोरात, की कणकेची पोळी सुटून थेट निखाऱ्यांत पडली.

"त्या बिचाऱ्या नानवर कशाला राग?" ओट्यावर बसलेला तिचा नवरा तुर्गुन म्हणाला. "खोसियतने दोनदा बोलावणं धाडलंय. जाऊन ये."

"जाते की! नटूनथटून जाते. तिचं कौतुक डोळे भरून बघते. झालं समाधान?"

भिंतीपलीकडे, शेजारच्या खोसियतकडे, सकाळपासून बायकांचा राबता होता. का नसेल? तिची लेक मुअत्तर परत आली होती. सरकारने सीरियातल्या छावणीतून बायका-मुलांना विमानाने आणलं, त्यांत मुअत्तर होती आणि तिची पोरही होती. सलोमतची रानो नव्हती.

दोघी मैत्रिणी एकाच हिवाळ्यात आपापल्या नवऱ्यांबरोबर निघाल्या होत्या. तुर्कस्तानात काम मिळालंय म्हणून सांगितलं होतं. पुढे त्या जिहादींच्या काळ्या झेंड्याखाली गेल्या, ते पोलीस दारात आले तेव्हा कळलं. निघताना दोघींनी रिवाजाप्रमाणे एकेका नानचा घास तोडला होता. उरलेली नान आईने भिंतीला टांगून ठेवायची. गेलेलं माणूस परत येतं आणि आपली नान आपणच संपवतं. मुअत्तरने चांगला गालभर घास तोडला होता, रानोने नुसते दात लावले. "माझी लेक नाजूक खाणारी," असं सलोमतने तेव्हा मिरवून सांगितलं होतं. आता त्या गालभर घासानेही तिच्या पोटात दुखत होतं.

तेव्हापासून मोहल्ल्यात तिने एकच पाढा लावला होता: मुअत्तरनेच माझ्या भोळ्या पोरीला नादी लावलं. लोकांनाही कुणावर तरी खापर फोडायचंच होतं. खोसियतला लग्नाची आमंत्रणं येईनाशी झाली. तिच्या धाकट्या मुलाची ठरलेली सोयरीक मोडली. खोसियतने एकदाही उलट शब्द काढला नाही. आणि आज तिच्याच दारात चपलांचा ढीग!

सलोमतने ठेवणीतला रेशमी झगा चढवला, गरम नानांची चवड उचलली आणि गेली. उंबऱ्याजवळ म्हातारी बशोरत बसली होती.

"अगं बाई, तू होय! मला वाटलं रानोच आली. आईचा तोंडवळा जसाच्या तसा उचलला होता हो पोरीने."

एरवी हे ऐकून सलोमत फुलायची. आज तिने नुसती मान हलवली आणि आत जाऊन बसली.

मुअत्तर आईला खेटून बसली होती. हडकली होती, ओठ फुटले होते. खोसियतचा हात लेकीच्या पाठीवरून निघतच नव्हता. तो फिरणारा हात सलोमतला बघवेना. 'या अल्ला, हिलाच का? ही तिकडे राहिली असती आणि माझी आली असती, तर तुझं काय बिघडलं असतं?' असं मनात आलं आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

खोसियतने भिंतीला टांगलेली फडक्यातली जुनी नान सोडली. ती लाकडासारखी झाली होती. तुकडा चहात भिजवून मुअत्तरने तोंडात घातला, तशी बायकांनी चेहऱ्यावरून हात फिरवत "आमीन" म्हटलं. दोघीतिघींनी डोळे पुसले.

"मैत्रिणीला मागे टाकून घास बरा उतरतो गं घशाखाली," सलोमत म्हणाली.

मुअत्तरने मान खाली घातली.

तेवढ्यात आतल्या दारातून तिची सहा-सात वर्षांची सफिया मनुकांची वाटी घेऊन आली. सलोमतचा चेहरा दिसताच वाटी हातातून पडली. पोरीने डोक्यावरचा रुमाल घाईघाईने भुवयांपर्यंत ओढला, ताठ उभी राहिली आणि दोन्ही तळवे सलोमतपुढे धरले.

खाऊ मागतेय असं वाटून सलोमतने एका तळव्यावर खडीसाखर ठेवली. पोरीने चटका बसल्यासारखं अंग आखडलं, पण हात मागे घेतला नाही. डोळे मिटून तिने दुसरा तळवा पुढे केला. दोन्ही तळव्यांवर छडीचे जुने, आडवे वळ होते.

मुअत्तर धावली. लेकीचे हात तिने मुठीत घेतले.

"नाही गं सोन्या. ही ती नाही. नीट बघ, ही तिची आ... ही आजी आहे आपली."

"दचकते हो पोर," खोसियत मध्येच म्हणाली. "मला बघूनसुद्धा दचकली होती. चहा घ्या ना सगळ्या."

सलोमत पुढे सरकली. तिचा आवाज आपोआप खाली आला.

"मुअत्तर, माझी रानो आहे ना?"

"आहे, खाला."

"मग का नाही आली?"

"विमानाचं सगळ्यांनाच विचारलं होतं. ती नको म्हणाली. तिथे ती मुलींना..."

खोसियतने लेकीचा हात दाबला.

"विमानात जागाच कुठे होती!" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि प्याल्यांत चहा ओतू लागली. तिने सलोमतकडे पाहिलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांचं उट्टं काढायची हीच वेळ होती, आणि बाई चहा ओतत होती! हा मोठेपणाही हिच्याच वाट्याला यावा, म्हणून सलोमतचा जीव जळला.

"जागा नव्हती तर नव्हती," उंबऱ्यावरून बशोरत म्हणाली. "पण खोसियत, तुझ्या लेकीनेच रानोला नेलं होतं, तर तिनेच परत आणायची होती. काय गं सलोमत, बरोबर ना?"

बायकांच्या माना सलोमतकडे वळल्या. सफिया आईच्या झग्याआडून एकाच डोळ्याने तिच्याकडे बघत होती.

सलोमतने प्याला खाली ठेवला.

"माझ्या रानोला कुणी नेलं नव्हतं, बशोरत खाला," ती म्हणाली.

मग ती बसल्या जागी वळली आणि सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली.

"खोसियत," ती भिंतीला सांगावं तसं म्हणाली, "पोरीला सांग, ती बाई गेली. आता खा म्हणावं."