उरलेले रोट

प्रमिलाबाईंना श्टुटगार्टला मुलाकडे येऊन दोन महिने झाले होते आणि त्यातले साठ दिवस त्यांनी अकराव्या मजल्यावरच्या काचेतून बाहेर बघण्यात घालवले होते. नरडाण्याजवळच्या गावात या बाईचा पाय घरात ठरत नसे. इथे लिफ्टला कार्ड, दाराला आकडे, आणि भाषा अशी की शेजारीण हसली तरी धास्ती वाटावी. सून मेघा सातला येई, नवल नऊला, नात आपल्या खोलीतच जेवे. चार माणसं, चार वेळा. प्रमिलाबाई भिंतीकडे बघत जेवत आणि अर्धी पोळी ताटातच ठेवून उठत.

श्रावण लागला तशी त्यांनी नवलला गाठलं.

"माले घर जानं शे. तिकीट बदल."

रविवारी बघतो, म्हणाला.

रविवारी कानबाई होती, गावाकडचा श्रावणातला देवीचा सण. कानबाईचा रोट, नैवेद्याची जाड पोळी, म्हणजे भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ पीठ. प्रमिलाबाईंनी डोळे मिटून मुठी टाकल्या. आधी मालकांचं नाव मनातल्या मनात, मग गावाकडचे दीर-पुतणे, निंबा, चुडामण, समाधान... तीस वर्षांची सवय, हात थांबतोय कसला! डोळे उघडले तेव्हा परातीत तेवीस पुरुषांचा डोंगर होता आणि घरात पुरुष एकच. देवीच्या नावाचं पीठ डब्यात परत जात नाही. रोट परक्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचा.

नवलने कपाळावर हात मारला. मेघाने मात्र ठरवूनच टाकलं की रोज आठला सगळ्यांनी एकत्र बसायचं.

पहिल्या दिवशी तिघं शिक्षा झाल्यासारखे बसले. रोट दुधात कुस्करताना नवलने आठवण सांगितली, लहानपणी त्याने एक रोट कुत्र्याला घातला होता आणि त्याच्या आजीने त्याला नि कुत्र्याला सारखाच चोप दिला होता. नात इतकी हसली की दूध नाकातून आलं. तिसऱ्या दिवशी ती आजीच्या मांडीवर बसून जेवली. प्रमिलाबाईंना चक्क भूक लागू लागली.

पाचव्या दुपारी त्यांनी डबा उघडला तर आत एकच तुकडा. पौर्णिमेला अजून चार दिवस होते. त्यांना रडूच कोसळलं. उद्यापासून पुन्हा ती भिंत.

त्यांनी कानबाईची माफी मागितली आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाच्या कामात लबाडी केली. नवं पीठ मळलं, रोट भाजले आणि गुपचूप त्याच डब्यात ठेवले.

आठला चौघं बसले. इतके दिवस रोट रोज जास्तच कडक होत चालला होता. आज तो बोट लावताच मोडला. नवलने आईकडे पाहिलं, मेघाने ताटाकडे. प्रमिलाबाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"किती उरलेत अजून?" नवलने विचारलं.

"आखो बराच शेतस."

नवलने आणखी एक तुकडा मोडून घेतला. मग त्याने हातातला मोबाइल उलटा करून बाजूला ठेवला.

"तिकिटाचं पौर्णिमेनंतर बघू. आणि आई, पौर्णिमा कधी ते तूच सांग. आम्हाला इथे काही कळत नाही."