टेबलाखालचा पाय

रुद्रेश आमच्या संघात येईपर्यंत कॉम्प्युटर म्हणजे मी होतो.

शेतकऱ्यांना बी-खत पुरवणारा आमचा संघ, शिवाजी पेठेत, तालमीच्या मागच्या अंगाला. त्र्याण्णव साली पहिलं मशीन आलं तेव्हा त्याच्यापुढं नारळ मीच फोडला. चपला बाहेर काढून आत यायचं, हा नियमही माझाच. कुणी शिकवायला नव्हतं. वहीत एकेक आज्ञा लिहून घेत, चुकतमाकत मी ते मशीन हाताखाली आणलं. कुणाचं काही अडलं की हाक यायची, "पंचाक्षरीअण्णा, बघा की हो जरा." ती हाक कानाला गोड लागायची, खोटं कशाला बोलू.

नव्याण्णवला मशीनं सहा झाली, ती वायरींनी एकमेकांना जोडली, आणि नेसरीहून डिप्लोमावाला रुद्रेश सहा महिन्यांच्या बोलीवर कामाला आला. चोवीस वर्षांचा, कपाळाला विभूती, आवाज मऊ. महिन्याभरात हाक बदलली. "रुद्रेश, बघ की." आमची शिपाईबाई बयाबाई माझा चहा टेबलावर आदळायची आणि त्याच्या कपावर बशी झाकून ठेवायची, निवू नये म्हणून. सव्वीस वर्षं नोकरी झाली माझी. माझ्या कपावर कधी बशी आली नाही.

संध्याकाळी मठात शिवकीर्तनाला बसलो की एरवी मन निवायचं. एका गुरुवारी बुवांनी मत्सराचं निरूपण लावलं. दिवा दुसऱ्याच्या घरात, आणि धूर आपल्या डोळ्यांत, तो मत्सर, म्हणाले. मी मान डोलावली, टाळीही धरली. आणि सगळा वेळ डोळ्यांपुढं ती बशी.

मग माझंच मशीन बिघडलं. वरच्या खोलीतल्या मोठ्या मशीनवरची सभासदांची यादी उघडून काम करत असलो की मध्येच जोडणी तुटायची, पडदा गोठायचा. थोड्या वेळानं आपोआप ठीक. रुद्रेश यायचा, माझ्या खुर्चीत तासभर बसायचा. त्याच्यापुढं मशीन गरीब गाईसारखं. तो उठून मी बसलो की पुन्हा तेच. त्यानं मशीनमधलं कार्ड बदललं, टेबलावरची वायर बदलली, विंडोज पुसून नव्यानं टाकलं. काही उपयोग नाही. तो हैराण झाला की माझ्या पोटात गार वाटायचं.

चेअरमन हंबीरराव एके दिवशी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "शनिवारी तुझी मुदत संपती. त्येच्या आत अण्णांचं मशीन सरळ झालं तर कायमचं पत्र घे. न्हायतर नेसरीची एस्टी धर."

शुक्रवारी दुपारी रुद्रेश वरच्या खोलीत जाऊन उभा राहिला. सगळ्या वायरी तिथल्या एका पेटीत येतात आणि दर मशीनचा त्या पेटीवर एक हिरवा दिवा असतो. जिन्यातून तो ओरडला, "अण्णा, तुम्ही रोजच्यासारखं काम करत ऱ्हावा. मी दिवा बघतो."

मी नावं टाइप करू लागलो. आदल्या संध्याकाळच्या कीर्तनातलं ध्रुपद तोंडात घोळत होतं. वरून आवाज यायला लागला. "गेला... आला... गेला... आला."

माझे कान टवकारले. पोरगा ठेक्यात बोलत होता. आणि ठेका माझा होता.

टेबलाखाली वाकून बघितलं. गुणगुणायला लागलो की माझा उजवा पाय आपसूक ताल धरतो, चाळीस वर्षांची सवय. तो चवडा समोरच्या भिंतीच्या तळाशी बसवलेल्या प्लास्टिकच्या डबीवर आपटत होता. टेबलावरची वायर त्या डबीतच भिंतीतल्या वायरीला मिळते.

पाय थांबवला. "आला. टिकला की अण्णा." हळूच एक ठोका दिला. "गेला."

सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. ओठांपर्यंत आलंही. तेवढ्यात बयाबाई जिना चढता चढता म्हणाली, "रुद्रेश, बाळा, जेवलास का न्हाई अजून?" आणि मी ते वाक्य गिळलं.

शनिवारी अकराला हंबीरराव माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. रुद्रेशनं खुर्चीत बसून यादी उघडून दाखवली. सगळं सुरळीत.

"तू ऊठ. अण्णांना बसू दे."

मी बसलो. तोंडात कुठलंही ध्रुपद नव्हतं. पाय पुढं केला आणि डबीवर मारला. पडदा गोठला.

"संपलं," हंबीरराव म्हणाले.

"साहेब, एकदाच बघतो," म्हणत रुद्रेश टेबलाखाली शिरला. माझा पाय आडवा होता. "अण्णा, जरा बाजूला घ्या," असं म्हणून त्यानंच तो दोन्ही हातांनी धरून हलकेच सरकवला, आणि थोरल्याच्या पायाला हात लागला म्हणून ते हात कपाळाला लावले. टेबलाखाली कुणाला दिसणार होतं? पण मला दिसलं.

मी वाकून हळू आवाजात म्हणालो, "ती डबी उघड. माझा पाय लागतोय तिला."

त्यानं स्क्रू काढले. आत आठ बारीक तारा, त्यातली एक नुसतीच टेकलेली. त्यानं ती दाबून बसवली. माझ्याकडं एकदा बघितलं. बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, डबीतली तार ढिली हुती. अण्णांनी सापडवली."

हंबीरराव खूश झाले. "बघा, आमचा जुना बैलच कामाला आला. मग पोरा, तुला ठिवून आम्ही करायचं काय?"

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. किती महिन्यांनी. ज्याच्यासाठी जीव तळमळत होता ते ताट वाढून पुढ्यात आलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

"साहेब, त्यो अर्धंच सांगतोय," मी म्हणालो. "माझ्या पायानं जोडणी तुटती हे मला कालच कळलं. आज तुमच्यापुढं मी मुद्दाम पाय मारला."

"मुद्दाम? कशापायी?"

"जळतो म्हणून ह्याच्यावर."

मग बयाबाई म्हणाली, "ते समद्या हापिसाला ठावं हाय. तुमालाच आज कळलं व्हय?"

हंबीरराव हसले नाहीत. "अण्णा, वयानं थोर हायसा म्हणून गप बसतो," म्हणाले, आणि रुद्रेशच्या पत्रावर सही करून निघून गेले.

दुपारी रुद्रेशनं डबी तिथनं काढली आणि भिंतीवर वर बसवली. पाय पोचणार नाही, फरशी धुतली तरी पाणी लागणार नाही, आणि वायरही तेवढीच पुरेल अशी.

"आता ताल धरा की खुशाल," तो म्हणाला. "हितं बरं हाय न्हवं, अण्णा?"

"बरं हाय."

जागा अगदी नेमकी होती. मला सुचली नसती. देवाशपथ सांगतो, तेव्हाही पोटात थोडं जळलंच.