तुझाच

चिमणीने हेडफोन कानांवरून खाली ओढले आणि काचेपलीकडे पाहिलं.

“इथे ‘तुझीच’ हवं,” ती म्हणाली.

दिग्दर्शक चहा ढवळत होता. पडद्यावर एक नावाजलेला नट साडी नेसून, बंद दारावर तळहात टेकून थिजला होता. जन्मताच सगळ्यांनी जिला मुलगा ठरवलं, अशा बाईचं काम तो करत होता. काम जीव तोडून केलं होतं त्याने; पण सिनेमा पहिल्यांदा चार लोकांना दाखवला, तेव्हा नेमके इथेच लोक हसले. नाजूक बोलायला गेला की त्याचा आवाज नकलाकाराचा व्हायचा. म्हणून आवाज द्यायला चिमणीला बोलावलं. कार्टूनमधल्या चिमणीसाठी बोलायची, तेव्हापासून स्टुडिओत तिचं हेच नाव पडलेलं. तिलाही जन्मताच सगळ्यांनी मुलगाच ठरवलं होतं. पडद्यावर तिचं नाव येणार नव्हतं.

“लिहिलंय ते वाच ना,” दिग्दर्शक म्हणाला.

“‘आई, दार उघड. मी तुझाच आहे.’ पण ती असं नाही म्हणणार. साडी नेसून दारात आलीय ती.”

“अगं, त्याचे ओठ बघ. ‘झा’ला तोंड उघडलंय, तिथे ‘झी’ बसणार कशी? आणि लोकांना रडवायचं तर पोरगा आईकडे परत यायला हवा.”

आवाज टिपणारे मास्तर जुनेजाणते. त्यांनी चिमणीकडे पाहिलं आणि नजर बटणांवर वळवली.

“करून टाक बाई,” ते हळूच म्हणाले. “तुझं तोंड कुठे दिसतंय?”

चिमणीने पाण्याचा घोट घेतला. असंच एक दार तिच्याही वाट्याला आलं होतं, हिरव्या रंगाचं. आतून आई म्हणाली होती, “एकदा म्हण, आई, मी तुझाच. मग उघडते.” ती संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून राहिली, पण तो शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही. शेजारीण कचरा टाकायला बाहेर आली तेव्हा चिमणी उठून चालायला लागली, ती पुन्हा तिथे गेली नाही.

आता नाही म्हणावं, तर उद्यापासून परत भुतांचे आणि चेटकिणींचे आवाज. तेही मिळाले तर.

“चालवा,” ती म्हणाली.

पहिल्याच खेपेला झालं. दिग्दर्शकाचा चमचा थांबला. मास्तरांनी चष्मा काढून ठेवला. चिमणी बाहेर गेली, बेसिनपाशी चूळ भरली, मग पुन्हा एकदा भरली.

सिनेमा चालला. नटाला बक्षीस मिळालं. “या आवाजासाठी मी फार राबलो,” तो मंचावर म्हणाला. चिमणीने इस्त्री करता करता ते ऐकलं, आणि उरलेल्या कपड्यांना इस्त्री केली.

पुढे एका रविवारी दुपारी सिनेमा टीव्हीवर लागला. संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“मी आई.”

चिमणीने खुर्चीची पाठ धरली.

“सिनेमा बघितला. चेहरा त्या नटाचा होता, पण तुझा आवाज मला कळणार नाही होय?” आईला दर दोन शब्दांनी धाप लागत होती. “म्हणालास शेवटी.”

चिमणी खुर्चीत बसली.

“किती गोड म्हणालास रे. एकटीच होते, पोटभर रडून घेतलं. तुझे जुने शर्ट धुऊन ठेवलेत. कधी येतोस?”

ते काम होतं, एवढंच सांगायचं होतं. चिमणीने ओढणी सारखी केली, समोर कुणी उभं असावं तशी.

“तब्येत सांभाळ, आई. गोळ्या वेळेवर घे.”

“ते राहू दे. येतोस ना?”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं. ती पुन्हा पुन्हा बंद पडत होती.

“येते मी,” चिमणी म्हणाली.

पलीकडून फक्त धाप ऐकू येत राहिली. फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही.