भिंतीसाठी एक फोटो

एक्स-रेताईंनी फोटोग्राफी क्लबात नाव घातलं ते कलेसाठी नव्हे, वडिलांसाठी.

बाबा अठ्ठ्याऐंशीचे. छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासलेली, त्यामुळे समोर आलेल्या कशातलीही चूक त्यांना आधी दिसायची, ती वस्तू मागाहून. डॉक्टरांनी तपासून "हृदय दमलंय" असं सांगितलं, तेव्हा बाबांनी आधी त्यांच्या चिठ्ठीवरची तारीख दुरुस्त करून घेतली. घरी येऊन कोट खुंटीला अडकवला आणि लेकीला बजावलं, "मी गेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो मला आत्ताच पसंत करून ठेवायचाय. तुमच्यावर सोडलं की काय होतं ते दिसतंच आहे."

दिसत होतं ते आईच्या फोटोत. आई गेली तेव्हा घाईघाईत कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून मोठा करून घेतला होता. त्याला बावीस वर्षं झाली. आईच्या खांद्यावर अजूनही कुणाचं तरी कोपर आहे, आणि ते कुणाचं यावर नातेवाइकांत एकमत नाही.

ताईंनी सदतीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले होते. "माणसांचे फोटो काढायची मला सवय आहे," त्या क्लबच्या अध्यक्षांना म्हणाल्या. अध्यक्ष म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "बाहेरून काढलेत का कधी?" ताई नाही म्हणाल्या. अध्यक्षांनी अर्जावर 'नवशिक्या' असं लिहिलं.

क्लब दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर भरायचा. सभासद बारा, मतं चौदा. पहिल्या महिन्यात उजेड शिकवला. टेबलावर एक संत्रं ठेवून सगळ्यांनी दोन तास त्याचे चहूबाजूंनी फोटो काढले आणि शेवटी चष्म्याचं दुकान असलेल्या एका सभासदाने, म्हणजे चष्मेवाल्यांनी, ते सोलून खाल्लं. हे नियमात बसतं का, यावर दुसऱ्या महिन्याची अर्धी सभा गेली. उरलेल्या अर्ध्या सभेत अंतर शिकवलं. तिसऱ्या महिन्यात पार्श्वभूमी झाली, म्हणजे माणसाच्या डोक्यातून खांब उगवल्यासारखा दिसू नये म्हणून काय करावं.

दर सभेला एक मौनाचा तास असे. सगळ्यांचे फोटो नाव न घालता फळ्यावर टाचायचे, बाकीच्यांनी त्यांची चिरफाड करायची, आणि ज्याचा फोटो असेल त्याने तोंड उघडायचं नाही. ताईंचा फोटो मात्र नाव नसलं तरी आंधळ्यालाही ओळखू आला असता. माणूस बरोबर मधोमध, पाठ भिंतीला, हनुवटी वर, गाल फुगलेले, डोळे वटारलेले. कारण बटण दाबायच्या आधी ताईंच्या तोंडून आपोआप यायचं, "श्वास घ्या. रोखा." आणि त्या आवाजापुढे सगळे ऐकायचे. भाजीवाली, पोस्टमन, शेजारचे निवृत्त न्यायाधीश, झाडून सगळ्यांनी श्वास रोखले होते.

"तांत्रिकदृष्ट्या बिनचूक," अध्यक्ष न्यायाधीशांच्या फोटोसमोर उभे राहून म्हणाले. "पण हे गृहस्थ बुडतायत का?"

ताई नियमाप्रमाणे गप्प बसल्या. त्यांच्या मनात जे आलं ते कुठल्याच नियमात बसलं नसतं.

घरी तर याहून वाईट. तीन महिन्यांत बाबांचे साठ फोटो झाले होते आणि साठांवरही बाबांची लाल पेन्सिल फिरली होती. कॉलर वाकडी. डोळे नको तेवढे उघडे. एकावर तर फक्त लिहिलं होतं, "हा मी नव्हे. माझा पुतळा, तोही घाईत उरकलेला."

बरं, चुका खोट्या नव्हत्या. तेच तर दुखणं होतं. पहिल्या महिन्यात बाबा फोटोसाठी खिडकीपर्यंत स्वतः तरातरा चालत यायचे. तिसऱ्या महिन्यात तेवढ्याच अंतरात दोनदा थांबायला लागले. ताई बघायच्या आणि कॅमेऱ्याशी खाटखूट करत बसायच्या. त्यांना भीती वाटायला लागली होती. उद्या बाबा गेले तर भिंतीवर उरेल तो हा फुगलेल्या गालांचा परका म्हातारा, आणि रोज सकाळी चहा घेताना त्याच्याकडे बघावं लागेल.

चौथ्या महिन्याचा विषय होता माणसाचा चेहरा. बसायला कुणीतरी हवं होतं. ताईंनी धीर करून सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "घेऊन या काकांना. बारा जण आहोत, एकाचा तरी जमेल."

बाबांना खुर्चीत बसवून अध्यक्ष आणि चष्मेवाले यांनी जिन्याने वर आणलं. पायऱ्या बाबा मोजत होते आणि चष्मेवाल्यांचा पाय चुकला की सांगत होते. माडीवर त्यांना खिडकीशी बसवलं. एकेक सभासद पुढे आला. प्रत्येकासमोर बाबा दगड झाले. अकरा जणांचे अकरा दगड झाल्यावर ताईंची पाळी आली.

"बाबा, श्वास घ्या. रोखा."

बाबांनी श्वास घेतला आणि रोखला. सूचना असली की ती जशीच्या तशी पाळायची, हे छापखान्यातलं वळण.

नेहमी ताई इथेच बटण दाबायच्या. पण आता त्या शिकल्या होत्या. उजेड एकाच गालावर पडतोय असं त्यांना दिसलं, म्हणून त्यांनी पडदा सरकवला. मग अंतर आठवलं, म्हणून दोन पावलं मागे गेल्या. मग बाबांच्या कानामागून वाचनालयाची नियमावली डोकावताना दिसली. चष्मेवाले म्हणाले, डावीकडे सरका. अध्यक्ष म्हणाले, छे, उजवीकडे. नियमावली फोटोत राहिली तर बिघडलं कुठे, असं तिसऱ्याने काढलं आणि वादाला तोंड फुटलं. ताईही त्यात पडल्या. "सोडा" म्हणायचं त्या सदतीस वर्षांत एकदाही विसरल्या नव्हत्या. त्या दिवशी विसरल्या.

बाबा लाल झाले. मग जांभळे झाले. मग त्यांनी खुर्चीच्या हातावर थाडकन हात आपटला.

"अगं ए! सोडू का मरू? साठीची झालीस, एक काम धड करशील तर शपथ!"

ताई दचकल्या, बोट दाबलं गेलं, आणि कॅमेरा तसाच गळ्यात लोंबकळत त्या बाबांकडे धावल्या. कुणी पाणी आणलं, कुणी खिडकी उघडली. ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या, "चुकलं बाबा, चुकलं." बाबा पाणी प्यायले, त्यांनी दम घेतला, आणि उरलेलं ओरडणं पूर्ण केलं. त्याला दहा मिनिटं लागली.

आठवड्याने बारा जणांचे फोटो छापून आले. ताईंनी आपला गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. पण बाबांनी आजवर कुठलाही गठ्ठा अर्धवट तपासून सोडलेला नव्हता. अकरा दगडांवर पेन्सिल फिरवून ते बाराव्यापाशी आले, भिंग घेतलं आणि बराच वेळ बघत बसले.

"हात पुसट आलाय," ते म्हणाले. "खुर्ची तिरकी. तोंड उघडं, खालचे दोन दात नाहीत ते जगाला दिसतंय. कॉलरचं तर बोलूच नकोस."

"द्या, फाडून टाकते."

"हात लावू नकोस. हाच लावायचा."

"बाबा, पण यात तुम्ही ओरडताय."

"मग?" बाबांनी भिंग खाली ठेवलं. "मी गेल्यावर तुला ओरडणार कोण आहे?"

ताई तिथेच जमिनीवर बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. बाबांनी त्यांना पोटभर रडू दिलं. मग, रडताना पाठ सरळ ठेवावी, असं सांगितलं.