मिठाचे दगड

"दगडावर मीठ घालून निम्मं मातीत घालवणारे तुम्हीच," पल्याडच्या गावचा झिसी म्हणाला. "आमच्याकडे मेंढ्यांच्या मिठाला लाकडी डोण्या असतात. आणि हे खळगे? पावसाचे. तुमच्या लेकीलाच विचारा, दगडांचंच शिकून आलीय ना?"

हे तो बाबांना ऐकवत होता. जिल्ह्याचा अधिकारी माझ्याकडे बघत राहिला.

कुरण कुणाचं, हे त्याच दिवशी ठरायचं होतं. ते गेलं असतं, तर पुढच्या वसंतात, संत जॉर्जच्या सणाला, थेसालीच्या मैदानात हिवाळा काढून कळप वर डोंगरात आणायला आम्हाला जागाच उरली नसती. बाबांना मेंढ्या विकाव्या लागल्या असत्या. झिसीचं म्हणणं, आम्ही लढाईनंतर इथे घुसलो. आमचं म्हणणं, गाव वसलं तेव्हापासून आमच्याच मेंढ्या इथे मीठ चाटतात. गाव दोनदा जळलं. दुसऱ्यांदा चर्चसोबत कागदही गेले. उरले ते उतारावर ओळीनं मांडलेले हे चपटे चुनखडक.

मी पहिल्या दगडाशी बसले. खळग्याचा तळ सपाट, काठ गोल. चुनखडकावर पाणी साचून राहिलं की असेच खळगे पडतात. मी तसं सांगितलं.

झिसी हसला. म्हणाला, शिकवा पोरींना, बापाविरुद्ध साक्ष द्यायला कामी येतात.

"तिला पुरतं बघू तरी दे, झिसी," बाबा म्हणाले. काठी या हातातून त्या हातात गेली.

उठताना आधाराला मी दगडाच्या पुढे आलेल्या कडेखाली हात घातला आणि तशीच थांबले. तिथेही खळगा होता, वापरलेल्या साबणासारखा गुळगुळीत. तिथे पाऊस पोचत नाही, पाणी साचणं तर शक्यच नाही. दवात विरघळलेलं मीठ कडेवरून खाली ओघळतं आणि मेंढ्या माना वाकड्या करून तेही चाटतात, हे मी लहानपणापासून बघत होते. हात मात्र कधी घातला नव्हता.

पुढच्या दगडाखाली घातला. तिथेही तसंच. त्याच्या पुढच्याखालीही, मेंढीच्या तोंडाच्या उंचीवर.

किती पिढ्या? गणित मांडायला गेले आणि सोडून दिलं. जिभेनं दगड किती झिजतो, हे कुणी मोजलेलं मला माहीत नव्हतं. माझा तळवा पुरता आत मावत होता.

मी सांगितल्यावर अधिकाऱ्यानं हात घालून पाहिला. मग झिसीनं. त्यानं हात लवकर बाहेर काढला नाही.

"जीभ किती मऊ असते," तो शेवटी म्हणाला.

डोण्यांचं त्यानंच आधी सांगून टाकलं होतं; म्हणजे हे दगड त्यांच्या मेंढ्यांनी चाटलेले नव्हते. ते अधिकाऱ्यानं त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं आणि कुरण आमचंच, सीमेचा खांब होता तिथेच राहील, असं सांगितलं.

बाबांनी मिठाचे खडे मांडले, शीळ घातली. कळप उतारावरून धावत आला. झिसी जायला निघाला होता, पण थांबला. आम्ही चौघंही तिथेच उभे राहिलो. दगडांवरून फक्त जिभांचा खरखर आवाज येत होता.